लाजेचे मोजमाप : किशोरवयीनांची सामाजिक चिंता आणि प्रश्नावलीचे भाषांतर

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मानसशास्त्राच्या प्रश्नावल्यांकडे वळावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रश्नावली ही वस्तुतः एक संहिताच असते. ती कोणीतरी, कोणत्यातरी गावी, कोणत्यातरी भाषेत लिहिलेली असते. तिच्यात एक 'मी' बोलत असतो. त्या 'मी'ला कशाची भीती वाटावी, कोणासमोर वाटावी आणि किती वाटली म्हणजे ती अती झाली, यांविषयीची एक समजूत तिच्या प्रत्येक विधानात गृहीत धरलेली असते. पुढे ही संहिता भाषांतरित होते, दुसऱ्या देशातील शाळेच्या वर्गात वाटली जाते, आणि तेथील चौदा-पंधरा वर्षांची मुले आपापल्या परीने तिचे वाचन करून उत्तरांच्या चौकटींत खुणा करतात. त्या खुणांची बेरीज म्हणजे त्या मुलाच्या सामाजिक चिंतेचा प्राप्तांक. देशोदेशीच्या किशोरवयीनांची तुलना या बेरजांवर उभी असते. तेव्हा भाषांतराचा प्रश्न येथे पूर्वतयारीचा नसून तोच मुळातला प्रश्न आहे, असे मला वाटते. आणि प्रस्तुत लेखात त्याचीच थोडी फोड करावयाची आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'सामाजिक चिंता' हा आपल्या परिभाषेत रूढ झालेला शब्द सामान्य मराठी वाचकाला चकवणारा आहे. सामाजिक कार्य, सामाजिक जाणीव, सामाजिक बांधिलकी या पंक्तीत तो वाचला, तर त्याचा अर्थ 'समाजाविषयी वाटणारी चिंता' असाच होईल. शास्त्राला अभिप्रेत आहे ते निराळेच : इतरांच्या नजरेखाली आपण येऊ, ते आपल्याला जोखतील आणि आपण त्यात उणे ठरू, ही धास्ती, आणि तिच्यापायी माणसांत मिसळण्याचे प्रसंग टाळणे. शिवाय 'चिंता' हा मराठीत बहुधा वडीलधाऱ्यांचा भाव आहे. मुलीच्या लग्नाची, पिकाची, दुखण्याची चिंता असते. नववीतल्या मुलाला वर्गात उभे राहून उत्तर द्यावयाचे असते तेव्हा त्याला चिंता वाटत नाही. भीती वाटते, किंवा लाज वाटते. म्हणजे संज्ञेपासूनच भाषांतर आडवे येऊ लागते.

या मोजमापाचा व्याप आज केवढा आहे याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरे. २०२० साली फिलिप जेफरीज आणि मायकेल उंगर यांनी ब्राझील, चीन, इंडोनेशिया, रशिया, थायलंड, अमेरिका व व्हिएतनाम या सात देशांतील १६ ते २९ वर्षे वयाच्या ६,८२५ तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. मापनश्रेणी एकच, आणि सामाजिक चिंतेचा विकार सूचित करणारी सीमारेषाही सर्व देशांना एकच. तीनांत एकाहून अधिक, म्हणजे ३६ टक्के तरुण त्या रेषेच्या पलीकडे गेले. अमेरिकेत हे प्रमाण सर्वाधिक, ५७.६ टक्के, इंडोनेशियात सर्वांत कमी, २२.९ टक्के. याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, सुमारे सहांतील एक तरुण आपल्याला सामाजिक चिंता नाही असे स्वतः सांगत होता, आणि तरी श्रेणीच्या हिशेबाने त्याला ती होती. अशा तरुणाविषयी आपण काय म्हणावे? त्याला स्वतःचे मन कळत नाही असे म्हणावे, की श्रेणीला त्याची भाषा कळत नाही असे म्हणावे? लेखकद्वयाने पहिल्या शक्यतेची गंभीरपणे दखल घेतली आहे आणि ते योग्यच आहे. दुसरीचा विचार आपल्यासारख्यांनी करावयाचा.

या श्रेणींची जन्मकथा फार जुनी नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी भयगंडांच्या निरनिराळ्या प्रकारांचा प्रारंभ कोणत्या वयात होतो हे तपासले, तेव्हा लोकांत वावरण्याचे भय हे बहुधा पौगंडावस्थेनंतर सुरू होते असे त्यांना दिसले. किशोरवय या विषयाच्या केंद्रस्थानी आले ते तेव्हापासून. १९६९ मध्ये डेव्हिड वॉटसन आणि रोनाल्ड फ्रेंड यांनी 'प्रतिकूल मूल्यमापनाचे भय' मोजणारी तीस विधानांची श्रेणी रचली, ती टोरांटो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या आधारावर. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत 'सामाजिक भयगंड' हा स्वतंत्र विकार म्हणून आला तो १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत. १९८७ मध्ये मायकेल लायबोविट्झ यांची चोवीस प्रसंगांची श्रेणी आली, आणि १९९८ मध्ये ॲनेट ला ग्रेका व नादिया लोपेझ यांची खास किशोरांसाठीची. या शेवटच्या श्रेणीत बावीस विधाने आहेत. त्यांतील अठरा हिशेबात धरायची, चार नुसती भरतीची. आज जगातील अनेक भाषांत तिची रूपांतरे वापरात आहेत.

लायबोविट्झ यांचे चोवीस प्रसंग एखाद्या नाटकाच्या नेपथ्यासारखे वाचून पाहावेत. पार्टीला जाणे, विकत घेतलेली वस्तू दुकानात परत करणे, गळ्यात पडणाऱ्या विक्रेत्याला ठामपणे नकार देणे, अधिकारी व्यक्तीशी बोलणे, सार्वजनिक स्वच्छतागृहात लघवी करणे. प्रौढांसाठी रचलेली ही यादी थोड्या फेरफाराने पुढे मुलांसाठीही वापरात आली. एका विशिष्ट नगरातले, विशिष्ट वर्गातले जीवन या प्रसंगांतून स्पष्ट दिसते. त्यात गैर काही नाही, कारण प्रत्येक संहितेला तिचे स्थळ असतेच. अडचण स्थळ बदलल्यावर येते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातील तेरा वर्षांच्या मुलीला सार्वजनिक स्वच्छतागृहाविषयी विचारले, तर ती 'फार भीती वाटते' आणि 'नेहमी टाळते' या दोन्ही चौकटींत निःशंकपणे खूण करील. तिची भीती लोकांच्या मूल्यमापनाची नाही. दाराला कडी नाही, पाणी नाही, बाहेर टवाळ पोरे उभी आहेत, ही तिची कारणे आहेत. श्रेणीला कारणे कळत नाहीत. ती दोन्ही चौकटींचे गुण जमेस धरते. गैरसोय आणि असुरक्षितता मनोविकाराच्या खात्यावर कशी मांडली जाते, याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रसंग बदलून घेता येतात, आणि जाणते रूपांतरकार ते बदलूनही घेतात. पार्टीच्या जागी लग्नसमारंभ येतो, दुकानाच्या जागी शाळेचे कार्यालय. खरा पेच भावनावाचक शब्दांत आहे. इंग्रजी श्रेणींत लाजिरवाणे वाटणे, घाबरणे, अस्वस्थ होणे, काळजी करणे असे मोजके शब्द पुनःपुन्हा येतात. मराठीकडे या प्रदेशासाठी असलेली शब्दसंपत्ती पाहिली की रूपांतरकार सुखावतो आणि लगेच गोंधळतो. 'बुजणे' हे प्रसंगापूर्वीचे, थोडे जनावराच्या जातीचे, बैलही बुजतो. 'ओशाळणे' आणि 'खजील होणे' हे प्रसंगानंतरचे, आणि त्यांत आपले काही चुकल्याची कबुली आहे. 'अवघडल्यासारखे होणे' यात शरीर आहे. 'कानकोंडे होणे' यात कोपऱ्यात जाऊन बसलेला माणूस दिसतो. 'संकोच' म्हणजे आक्रसणे; त्यात भीतीपेक्षा सभ्यता अधिक. आणि 'भीड' तर या सर्वांहून वेगळी. भीड परक्याची नसते, ओळखीच्याचीच असते. ती पडते, घातली जाते, चेपते, मोडते. भीड ही भिकेची बहीण अशी म्हण आहे, कारण भिडेपायी माणूस 'नाही' म्हणू शकत नाही आणि नागवला जातो. किशोरांच्या श्रेणीत तर एक स्वतंत्र गट नवख्या माणसांपुढील आणि नवख्या प्रसंगांतील बावरण्याचा आहे; ओळख वाढली की चिंता ओसरते, ही समजूत त्यामागे असते. ओळख वाढली तशी वाढत जाणारी भीड या आराखड्यात कोठे बसवावयाची? एखादा मुलगा परक्या गावच्या वक्तृत्वस्पर्धेत खणखणीत बोलतो आणि घरी मामासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आपल्याकडे तो विसंगत मानला जात नाही. पहिल्या गुणाला 'सभाधीटपणा' असे स्वतंत्र नाव आहे, आणि दुसऱ्याला 'मर्यादा'.

यात व्याकरणही गप्प बसत नाही. इंग्रजी विधानांत घाबरणारा, काळजी करणारा हा कर्ता असतो. मराठीत 'मी घाबरतो' असे लिहिले की मुलींसाठी 'मी घाबरते' असे निराळे लिहावे लागते. प्रश्नावली दोन करा, नाहीतर तिरकी रेघ मारा. यातून सुटका म्हणून रूपांतरकार 'मला भीती वाटते' ही लिंगनिरपेक्ष रचना पत्करतो. सोय झाली, पण विधान बदलले. 'मी घाबरतो' ही स्वभावाची कबुली आहे. 'मला भीती वाटते' यात भीती ही बाहेरून येऊन भेटणारी गोष्ट आहे, आणि 'मी' तिचा केवळ आश्रय. अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत बसवण्याची ही लकब मराठीपुरती नाही; हिंदीत, कन्नडमध्ये, तमिळमध्येही ती आहे, आणि भारत हे एक भाषिक क्षेत्र मानणाऱ्या अभ्यासकांनी तिची नोंद एक समान लक्षण म्हणून केलेली आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला यांतील पहिले वाक्य मान्य करणे दुसऱ्यापेक्षा जड जाईल, असे मानावयास जागा आहे. केवळ व्याकरणाच्या सोयीने एखाद्या भाषेतील प्राप्तांक चढावा किंवा उतरावा, ही शक्यता मनोमापनाच्या ग्रंथांत जितकी यावयास हवी तितकी येत नाही.

परंतु सर्वांत मोठी अडचण शून्याची आहे. प्रत्येक श्रेणीच्या एका टोकाला 'मुळीच नाही' असते, आणि ते टोक निरोगी मानलेले असते. आता 'चारचौघांत मला लाज वाटते' असे विधान करा आणि त्यापुढील पहिली चौकट वाचा. दोन्ही मिळून होणारे वाक्य असे : 'चारचौघांत मला मुळीच लाज वाटत नाही.' मराठी घरात वाढलेल्या कोणत्याही मुलीला हे वाक्य प्रकृतिस्वास्थ्याचे वाटणार नाही. ते तिने ऐकलेले असते ते प्रश्नार्थक रूपात आणि चढ्या आवाजात. 'लाजणे' आणि 'लाज वाटणे' यांत भेद आहे, 'लाज सोडणे' आणि 'भीड चेपणे' यांतही. पण 'निर्लज्ज' हा शब्द सर्वांच्या पलीकडे उभा असतो आणि शून्याची चौकट थेट त्याच्याकडे बोट दाखवते. त्यामुळे सुस्वभावी, मोकळी, अजिबात न घाबरणारी मुलगीही दुसऱ्या किंवा तिसऱ्या चौकटीवर खूण करील. तिने दिलेले उत्तर खोटे नाही. प्रश्नानेच तिला भयाविषयी न विचारता शीलाविषयी विचारले आहे.

हा केवळ मराठीचा हट्ट नव्हे. उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वरमध्ये ओडिया भाषेतील लज्जेचा जो अभ्यास केला, त्याचा १९९४ मधील निबंध कालीच्या बाहेर आलेल्या जिभेवर आहे. शिवाच्या अंगावर पाय पडल्याचे भान येताच देवी जीभ चावते, तो लज्जेचा क्षण. विनाशकारी शक्तीला आवर घालणारी ती लज्जा. सुख, क्रोध आणि लज्जा या तिघांत वेगळे कोणते, असे विचारल्यावर अमेरिकन उत्तरदाते लज्जा आणि क्रोध यांना एका बाजूस ठेवून सुखाला वेगळे काढत. ओडिया उत्तरदाते सुख आणि लज्जा यांची जोडी लावून क्रोध बाहेर ठेवत. तमिळ परंपरेत स्त्रीच्या गुणांत 'नाणम्' म्हणजे लज्जा आहे, आणि तिच्या शेजारी 'अच्चम्' म्हणजे चक्क भीतीही आहे. भय हे जेथे गुणांच्या यादीत घातले जाते, तेथे भयाचा अभाव मोजणारी चौकट मुलीच्या हाती देताना थोडे थांबावयास हवे. हा गुणगौरव मला मान्य आहे असे मात्र कोणी समजू नये. स्त्रीला भित्री ठेवण्याची सोय त्यात उघड आहे, आणि विसाव्या शतकातील तमिळ साहित्याने त्याच्याशी पुरेसे भांडण केलेले आहे. मुद्दा असा की, ज्या शब्दांवर इतके दिवस भांडण चालू आहे ते शब्द मोजपट्टीवरील तटस्थ खुणा होऊ शकत नाहीत.

भरताच्या नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांकडेही या निमित्ताने नव्याने पाहता येते. आज ज्याला आपण सामाजिक चिंता म्हणतो ती तेथे एका भावात बसत नाही. शंका, चिंता, व्रीडा, जडता, त्रास अशी ती विखुरलेली आहे. व्रीडेचे अनुभाव कोणते? मुख झाकणे, खाली मान घालणे, जमिनीवर रेघा ओढणे, वस्त्र आणि अंगठी चाळवणे, नखे खुडणे. आजच्या वर्गातही शिक्षकाला हे सर्व दिसते. पण भरताच्या मते व्रीडा उत्पन्न होते ती न करावयाचे केल्यामुळे, गुरुजनांचा अतिक्रम झाल्यामुळे, वचन न पाळल्यामुळे. म्हणजे तिच्या मुळाशी काहीतरी घडलेले असते. श्रेणीतील 'मी'ने काहीच केलेले नसते. त्याला फक्त पाहिले जात असते. आणि 'अवहित्था' हा भाव तर प्रश्नावली रचणाऱ्यांनी आवर्जून वाचावा. लाज, भय, पराजय अशा कारणांनी मनातील विकार बाहेर दिसू न देणे म्हणजे अवहित्था. चाचणी घेणाऱ्या परक्या माणसासमोर उत्तरे लिहिणारा किशोर याच अवस्थेत असतो.

पूर्वेकडील एका देशाने या विषयात पाश्चात्य निदानसंहितेलाच दुरुस्त करावयास लावले, ती हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये मोरिता मासाताके (१८७४–१९३८) या मनोविकारतज्ज्ञाने 'ताइजिन क्योफुशो' या अवस्थेचे वर्णन केले. शब्दशः अर्थ, माणसांसमोर वाटणाऱ्या भयाचा विकार. तोही बहुधा किशोरवयात सुरू होतो. परंतु त्याच्या वैशिष्ट्यपूर्ण रूपात रुग्णाला भीती असते ती आपण उणे ठरू याची नव्हे. आपल्या लाल होणाऱ्या चेहऱ्याने, आपल्या नजरेने, आपल्या अंगाच्या वासाने समोरच्याला त्रास होईल याची. पाहिले जाण्याइतकेच पाहणेही येथे भयाचे कारण आहे. १९९७ मध्ये रोनाल्ड क्लाइनक्नेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भयासाठी एकतीस विधानांची स्वतंत्र श्रेणी वापरून अमेरिकन व जपानी विद्यार्थ्यांची तुलना केली. जपानी श्रेणीला अमेरिकन विद्यार्थ्यांतही प्रतिसाद मिळाला, म्हणजे हे भय जपानपुरते बंदिस्त नव्हते. त्याला विचारणारे वाक्य तेवढे इंग्रजीत लिहिले गेले नव्हते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अमेरिकन निदानसंहितेने 'इतरांना दुखावण्याचे भय' हे सामाजिक चिंतेच्या लक्षणांत समाविष्ट केले. भाषांतराची दिशा एकदा उलटी झाली, आणि मूळ संहितेची उणीव दिसून आली. भारतीय भाषांकडून असे उलटे भाषांतर झाल्याचे दिसत नाही. 'भीड' या शब्दावरून तयार झालेली एखादी श्रेणी इंग्रजीत नेऊन टोरांटोच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर काय दिसेल याचे मला मनापासून कुतूहल आहे.

आता थोडे तंत्राकडे. संख्याशास्त्रज्ञांना हे प्रश्न अपरिचित नाहीत; त्यांनी त्यांना 'मापनाची समता' असे नाव दिले असून तिच्या पायऱ्या मानल्या आहेत. पहिली पायरी, दोन्ही समाजांत विधानांचे गट सारखेच पडतात काय. दुसरी, प्रत्येक विधान मूळ भावनेशी तितक्याच घट्टपणे बांधलेले आहे काय. तिसरी पायरी सर्वांत अवघड : भावनेची मात्रा समान असताना दोन्हीकडील मुले एकच चौकट निवडतात काय. पहिल्या दोन पायऱ्या पुष्कळदा सर होतात, तिसरीवर पाय घसरतो. आणि ती सर झाल्याशिवाय दोन देशांच्या सरासऱ्यांची तुलना करता येत नाही, असा नियम आहे. वर ज्याला आपण शून्याचा प्रश्न म्हटले तो या तिसऱ्या पायरीचाच. मराठी मुलगी आणि टोरांटोतील मुलगी यांना सारखेच भय वाटत असले, तरी एक दुसऱ्या चौकटीपासून मोजावयास आरंभ करते आणि एक पहिल्या. हा फरक गणिताने शोधता येतो. तो का पडला हे मात्र गणित सांगत नाही. तेथे कोश, म्हणी आणि वाङ्मय हाती घ्यावे लागते.

चौकटी निवडण्याच्या सवयीही समाजागणिक भिन्न असतात. चुआनशेंग चेन, शिन-यिंग ली आणि हॅरल्ड स्टीव्हन्सन यांनी १९९५ मध्ये सेंदाई, तैपेई, मिनियापोलिस आणि कॅनडातील अल्बर्टा येथील अकरावीच्या विद्यार्थ्यांची उत्तरे तपासली. विषय काहीही असो, जपानी व चिनी विद्यार्थी मधल्या चौकटीकडे अधिक झुकत आणि अमेरिकन विद्यार्थी टोकाच्या चौकटींकडे. शिवाय कोणीही उत्तर देताना 'किती?' हे आसपासच्या लोकांशी ताडून ठरवतो. भिडस्त माणसांच्या गावातला भिडस्त मुलगा स्वतःला बेताचाच भिडस्त समजणार. या सर्वांमुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण झालेली आहे. प्रश्नावलीने विचारले असता पूर्व आशियाई वंशाचे विद्यार्थी युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक सामाजिक चिंता सांगतात. निदानात्मक मुलाखतींवर आधारलेल्या लोकसंख्येच्या पाहण्यांत मात्र पूर्व आशियातील विकाराचे प्रमाण अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी भरते. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या पाहणीत प्रश्नावली वापरूनही अमेरिका सर्वांत वर गेली. 'व्यक्तिनिष्ठ' आणि 'समूहनिष्ठ' संस्कृती अशी जगाची दोन पेट्यांत वाटणी करून या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रघात आहे. तो मला फारसा उपयुक्त वाटत नाही. केरळमधील मुलगी आणि कोरियातील मुलगा एका पेटीत घालून दोघांविषयीही काही कळत नाही.

भाषांतर तपासण्याची प्रचलित रीत म्हणजे प्रतिभाषांतर. १९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी ती पद्धतशीर मांडली : एकाने इंग्रजीतून स्वभाषेत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावे, आणि दोन इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. ढोबळ चुका यामुळे सापडतात, हे खरे. पण काव्याच्या भाषांतराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या रीतीचा भोळेपणा लगेच जाणवेल. दोन्ही भाषांतरकार द्वैभाषिक, शिकलेले आणि एकाच कोशावर वाढलेले असतात. 'लाज' इंग्रजीत जाते आणि इंग्रजी शब्द पुन्हा 'लाज' होऊन परत येतो; फेरी पूर्ण होते, आणि वाटेत शून्य हरवले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. याहून चांगला मार्ग साधा आहे. मुलांना प्रश्न वाचावयास देऊन त्यांना तो स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावणे, आणि 'मुळीच नाही' असे म्हणणारा मुलगा तुझ्या डोळ्यांपुढे कसा येतो, हे विचारणे. यास वेळ लागतो. आणि तो कोणाला द्यावयाचा नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. श्रेणीची चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. शाळेतील समुपदेशकाच्या हाती सीमारेषा दिली की, निव्वळ मर्यादाशील मुले रुग्ण ठरू शकतात. उलट बाजू अधिक गंभीर आहे. जिला खरोखर माणसांत जाणे असह्य झाले आहे, जी परीक्षेतील तोंडी प्रश्नांच्या धास्तीने आजारी पडते, तिला सर्वजण 'किती गुणी, किती अबोल' म्हणून नावाजतात. आणि प्रश्नावलीत तिचा आकडा इतरांत मिसळून जातो, कारण न घाबरणाऱ्या मैत्रिणींनीही शिष्टाचार म्हणून तेवढ्याच खुणा केलेल्या असतात. संस्कृतीचे वेगळेपण मान्य करण्याचा अर्थ, तिच्यात कोणी पिचत नाही असे मानणे, असा होत नाही. मौनाचा गौरव करणाऱ्या समाजात पिचणे ऐकू येणे अधिक कठीण, इतकेच.

दुसराही एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या वाङ्मयाने फार स्पष्टपणे विचारलेला आहे. निदानसंहितेनुसार भय विकार ठरावयाचे तर ते प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असावे लागते. त्यात सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ लक्षात घ्यावा असेही म्हटले आहे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), ओमप्रकाश वाल्मीकि यांचे हिंदीतील 'जूठन' (१९९७) ही आत्मकथने या वाक्याच्या उजेडात वाचावीत. वर्गात नाव विचारले जाणे, बापाचे नाव विचारले जाणे, मुख्याध्यापकाने वर्गाबाहेर काढून हाती झाडू देणे. या मुलांना लोकांच्या नजरेचे जे भय आहे ते अवाजवी कसे म्हणावे? नजर खरी आहे, तिने केलेले मूल्यमापनही खरे आहे आणि त्याचे परिणाम तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. 'लोक माझ्याबद्दल काय म्हणतील याची मला काळजी वाटते' अशा धाटणीचे विधान त्या मुलापुढे ठेवले असते, तर त्याने शेवटच्या चौकटीवर खूण केली असती. शेजारच्या बाकावरील, हस्ताक्षर वाईट म्हणून घाबरणाऱ्या मुलानेही कदाचित तेथेच केली असती. दोघांचा प्राप्तांक एक. एकाच देशात, एकाच भाषेत, एकाच वर्गात मापनाची समता अशी ढासळते. 'आंतरसांस्कृतिक' हा शब्द देशांच्या सीमांवर का थांबतो, हे मला कधी समजलेले नाही.

संस्कृती स्थिर नसते, हे लक्षात ठेवले नाही तर वर केलेले विवेचनही एक नवी पेटीच होईल. शांघायमधील मुलांविषयी सिन्यिन चेन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. १९९० मध्ये पाहिलेल्या शाळकरी मुलांत बुजरेपणाचा संबंध सवंगड्यांतील मान्यतेशी आणि अभ्यासातील यशाशी होता; बुजरे मूल समंजस समजले जाई. १९९८ च्या मुलांत हे संबंध संमिश्र झाले. २००२ च्या मुलांत बुजरेपणा सवंगड्यांच्या नाकारण्याशी, शाळेतील अडचणींशी आणि खिन्नतेशी जोडला गेलेला दिसला. बारा वर्षांत, त्याच शहरात, बाजारपेठ आली, स्पर्धा आली आणि एका गुणाचा दोष झाला. १९९० साली केलेले चिनी भाषांतर कितीही अचूक असते तरी २००२ मध्ये ते जुने झाले असते. शब्द तेच राहून त्यांचे शून्य सरकले.

मराठीतही असे काही सरकते आहे. शहरातील इंग्रजी शाळांत जाणारी मुले आता 'लाज' फारशी वापरत नाहीत. 'ऑकवर्ड वाटतं', 'टेन्शन येतं', 'कॉन्फिडन्स नाही' असे म्हणतात. शुद्धतेच्या आग्रहाने या शब्दांना नाक मुरडण्यापूर्वी त्यांचा एक गुण पाहून ठेवावा : 'मला मुळीच ऑकवर्ड वाटत नाही' या वाक्यात निर्लज्जपणाची छटा नाही. उसना शब्द शील मागे ठेवून आलेला असतो, आणि म्हणून त्याचे शून्य इंग्रजी श्रेणीच्या शून्याशी जवळजवळ जुळते. हे शब्द घालून प्रश्नावली केली तर पुण्या-मुंबईच्या काही शाळांतील आकडे बाहेरच्या आकड्यांशी ताडण्याजोगे होतीलही. पण तीच प्रश्नावली जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली की तेथील मुलगी 'ऑकवर्ड' हा शब्द वाचून शेजारणीकडे पाहील, शेजारीण हळूच सांगेल, 'म्हणजे लाज वाटणं', आणि दोघी मिळून तिसऱ्या चौकटीवर खूण करतील.